अरुंद रस्ता, रुंद गाडी

परवा भाच्याचा फोन आला. "आत्या, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ती घरासारखी गाडी भाड्याने घेऊन कोकणात जाणार आहोत. तू स्कॉटलंडला तसल्याच गाडीतून फिरलीस ना? बरोबर काय काय घ्यायचं ते सांग ना."

मी म्हटलं, "बरोबर काय घ्यायचं ते तुझी बायको बघेल. तू आधी रस्ता कुठला घेणार ते सांग."

तर म्हणाला, "रस्त्याचं काय गं, मोबाइल सांगतो की!"

फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला. नकाशा म्हणजे फक्त कुठे वळायचं ते सांगणारा कागद नव्हे, हे मुलांना सांगता सांगता घसा बसला आणि घरच्याच भाच्याला ते सांगायचं राहून गेलं! फोनवर सांगायला बसले तर तो मध्येच "हो आत्या, हो आत्या" करून मोकळा होईल. म्हणून लिहूनच काढते.

तर झालं असं. 2023 च्या जून महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. मुलगा, सून, बारा वर्षांचा नातू आणि आम्ही दोन म्हातारे अशी पाच माणसं. मुलाने स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालायचं ठरवलं होतं, तेही मोटरहोममधून. सात मीटर लांब, तीन मीटर उंच गाडी. आत शेगडी, बेसिन, बिछाने, संडास-न्हाणीघर सगळं. पाठीवर घर घेऊन चालते म्हणून नातवाने तिचं नाव ठेवलं 'कासव'.

आमचा वळसा म्हणजे 'नॉर्थ कोस्ट 500'. इनव्हर्नेस गावापासून निघायचं, पश्चिम किनाऱ्याने वर जायचं, उत्तर टोक गाठायचं आणि पूर्व किनाऱ्याने परत इनव्हर्नेस. सुमारे 500 मैल, म्हणजे 800 किलोमीटर. या वाटेला हे नाव मिळालं 2015 मध्ये, पण त्यासाठी नवा रस्ता कुणी बांधला नाही. चार घरं, एक शाळा, एक दुकान अशा वस्त्यांसाठी जे रस्ते आधीपासून होते, तेच जोडून त्यांना नाव दिलं आणि जगभरातून गाड्या येऊ लागल्या.

यातले बरेच रस्ते 'सिंगल ट्रॅक'. म्हणजे एका वेळी एकच गाडी मावेल एवढे. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला पोट सुटल्यासारखी रुंद जागा असते, तिला 'पासिंग प्लेस' म्हणतात. नियम साधा. समोरून गाडी आली आणि ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आपण आत शिरायचं. उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा आत शिरून निघून जातो. मागून कुणी घाईचा आला तर त्यालाही तिथेच पुढे जाऊ द्यायचं. चढावर येणाऱ्याला शक्यतो आधी वाट द्यायची (हा नियम आपल्या घाटांतही आहे बरं का, कुणी पाळो न पाळो!). आणि मुख्य म्हणजे या जागेत गाडी उभी करून ठेवायची नाही.

निघण्यापूर्वी आठ दिवस मुलाच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले होते. त्यांच्या सरकारी सर्वेक्षण खात्याचे, ऑर्डनन्स सर्व्हेचे, 1:50,000 प्रमाणाचे. काय सांगू तुम्हाला, मला तर माहेरी आल्यासारखं झालं! त्यात चार मीटरपेक्षा रुंद आणि चार मीटरपेक्षा अरुंद लहान रस्ते वेगवेगळे दाखवलेले असतात. चढावर बाणाची खूण असते. एक बाण म्हणजे सातास एक ते पाचास एक चढ, दोन बाण म्हणजे त्याहूनही खडा. मी नातवाला गणित घातलं. आपलं कासव आरशांसकट साधारण 2.7 मीटर रुंद. रस्ता चार मीटरचा. उरले किती? 1.3. समोरून येणारी साधी मोटार आरशांसकट जवळजवळ दोन मीटर. मग? नातू म्हणाला, "आजी, मग कुणीतरी मागे जायला पाहिजे." बरोबर! हे गणित रस्त्यात उभं राहून सोडवण्यापेक्षा टेबलावर सोडवलेलं बरं.

मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा हे विचारत नाही. तो आपल्याला लहान मोटार समजतो आणि दहा मिनिटं वाचतात म्हणून कुठल्याही बोळात घालतो. मोठ्या गाडीसाठी लांबी-रुंदी-उंची-वजन भरून घेणारी यंत्रं मिळतात, मुलाने तसलं एक घेतलं. शिवाय गाडीची उंची फूट-इंचांत चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली, कारण तिकडे पुलांच्या पाट्यांवर फूट-इंच असतात आणि पूल समोर आल्यावर मीटरचे फूट करत बसायला वेळ नसतो.

आता भांडणाकडे येते.

वाटेत ॲपलक्रॉस नावाचं एक समुद्रकाठचं गाव आहे. तिथे जायला दोन रस्ते. एक ब्यालख ना बा नावाचा घाट. तिथल्या गेलिक भाषेत या नावाचा अर्थ 'गुरांची खिंड'. समुद्रसपाटीपासून थेट 626 मीटरपर्यंत चढतो, पाचास एक असा चढ आणि हेअरपिन वळणं. घाटाच्या तोंडाशी पाटीच लावली आहे की शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅरव्हॅन यांनी पहिल्या मैलानंतर पुढे जाऊ नये. दुसरा रस्ता शील्डेगकडून किनाऱ्याकिनाऱ्याने येतो. तोही एकेरीच, पण असा खडा नाही. अंतर मात्र दुपटीहून जास्त.

मुलाला घाटच हवा होता. "आई, पाटीवर 'जाऊ नये' असा सल्ला आहे, बंदी नाही. लोक जातात. मी व्हिडिओ बघितलेत. मागे येणं जमेल मला."

मी म्हटलं, "तुला जमेल रे. पण तुझ्यासमोर जो येईल त्याला जमेल का? आणि त्याच्या मागे आणखी चार असतील तर?"

"तू उगाच घाबरतेस."

मी घाबरत नव्हते. मला आमच्या सासरच्या गावचा रस्ता दिसत होता.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राजवळ. दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे आणि मध्ये एक गाडी जाईल एवढा रस्ता. 2019 च्या डिसेंबरमध्ये, सुट्टीच्या दिवसांत, धाकट्या भाऊजींच्या छातीत दुखू लागलं. शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना दापोलीला न्यायला निघालो. गावाबाहेर पडायच्या आत समोर सहा-सात गाड्या. सगळ्या पर्यटकांच्या, सगळ्या मोठ्या, आणि एकालाही मागे जाता येईना. माणसं वाईट नव्हती हो. एकजण तर पाण्याची बाटली घेऊन धावत आला. पण गाडी हलेना. चाळीस मिनिटं गेली. दापोलीला पोचलो तोवर सगळं संपलं होतं.

वेळेत पोचलो असतो तर भाऊजी वाचले असते, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण ती चाळीस मिनिटं मला अजून मोजता येतात.

टेबलावर मी हे सगळं बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हटलं, "आपल्या गावचा रस्ता आठव." मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने पेन्सिल घेतली आणि शील्डेगकडून रेघ काढली.

तर माझं म्हणणं असं आहे, की सुरक्षित मार्ग आखणं म्हणजे फक्त आपली गाडी दरीत जाऊ नये याची काळजी नव्हे. आपण जिथून जाणार तिथे माणसं राहतात. आपली सहल असते तो त्यांचा रोजचा सोमवार असतो. आपल्या गाडीने अर्धा तास रस्ता अडला तर आपल्याकडे सांगायला एक किस्सा होतो, त्यांच्यापैकी कुणाचं काय होईल ते आपल्याला कधी कळतही नाही.

पण फार उपदेश करायला नको, कारण पुढची चूक माझीच आहे.

त्याच किनाऱ्याच्या रस्त्यावर आम्ही सकाळी लवकर निघालो होतो. गर्दी नव्हती, समोर समुद्र, ऊन छान पडलेलं. एक रुंदशी जागा दिसली आणि मीच म्हटलं, "इथे थांबून चहा करू या." पाटी होती, मी वाचलीही होती. पण वाटलं, पाच मिनिटांत काय होतंय? आधण ठेवलं, सुनेने आलं किसलं. तेवढ्यात एका बाजूने एक व्हॅन आणि दुसऱ्या बाजूने लहानशी मोटार आली, आणि दोघांना शिरायला जागा नाही, कारण त्यांच्या जागेत आमचं कासव! व्हॅनवाल्याला वळणावरून बरंच मागे जावं लागलं. मोटारीतल्या बाई काच खाली करून अगदी शांतपणे म्हणाल्या, की त्या घरोघरी जाऊन एकट्या म्हाताऱ्या माणसांना उठवतात, औषधं देतात, आणि आता पहिल्या घरी पोचायला उशीर होणार आहे. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो चहा मला गेला नाही.

त्यानंतर आम्ही नियमच केला. चहा मुक्कामावर किंवा रीतसर वाहनतळावर. दिवसाला शंभर मैलांपेक्षा जास्त नाही. लॉखिनव्हरजवळचा ड्रमबेगकडून जाणारा फाटाही मोठ्या गाड्यांना योग्य नाही म्हणून सोडला, मोठ्या रस्त्याने कायलस्कूच्या पुलावरून गेलो. मागे घ्यायची वेळ आली की हे खाली उतरून एसटीच्या कंडक्टरसारखे "येऊ दे, येऊ दे" करायचे. शिट्टी तेवढी नव्हती! काही बघायचं राहिलं का? राहिलं. पण बिघडलं काहीच नाही.

मुलाचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. तो म्हणतो, "आई, सगळेच असा विचार करायला लागले तर त्या गावांतली दुकानं, खानावळी कशा चालतील?" खरं आहे. आमच्या गावातही आज चार घरं पर्यटकांवर जगतात, आमची पुतणीसुद्धा दोन खोल्या देते. म्हणून येऊ नका असं मी म्हणणार नाही. या, पण गाडी रस्त्याच्या मापाची आणा. नाहीतर मोठी गाडी मोठ्या गावात ठेवा आणि पुढे रिक्षाने या, त्या रिक्षावाल्याचंही घर चालेल.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगली गोष्ट आहे. पण गाड्या येतील आणि रस्ते गडग्यांच्या मधलेच राहतील, तर गणित तेच, चार वजा 2.7. कुठल्या रस्त्याने मोठी गाडी नेऊ नये याच्या पाट्या आपल्याकडेही गावोगाव लागायला हव्यात. आणि लागेपर्यंत ती पाटी आपण मनातच लावून घ्यायला हवी.

असो. तर भाचेबुवा, निघण्याआधी एवढं करा. गाडीची लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहून काढा. जिथे जाणार तिथल्या माणसाला फोन करून विचारा, "एवढी गाडी येईल का? समोरून एसटी आली तर कुठे थांबू?" गाडी कुठून परत वळवता येईल ते आधी ठरवा. सुट्टीच्या दिवशी भरदुपारी गावात शिरू नका. बायकोला मागे बघून हात दाखवायला शिकवा, आणि तुम्हीही शिका. आणि आमच्या गावी येणार असाल तर कासव दापोलीत ठेवा. मी पुतणीला सांगून ठेवते, ती जीप पाठवेल.

चहा घरी आल्यावरच मिळेल.