कर्जात भागीदार, घरात परकी

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आज स्वतःच्या घरात राहू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. ज्यांच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर दिवस कंठावे लागले, त्यांनी कर्ज काढून का होईना, हक्काच्या चार भिंती उभ्या केल्या. परंतु या घरांचे कागद उघडून पाहिले म्हणजे पुष्कळदा एक विसंगती नजरेस येते. कर्जाच्या कागदावर पतीबरोबर पत्नीचीही सही असते. खरेदीखतावर मात्र एकट्या पतीचे नाव असते. हप्ते थकले तर जाब तिलाही विचारला जाणार; मालकीचा प्रश्न निघाला की ती परकी ठरणार. याला न्याय म्हणावयाचा काय?

"घर शेवटी तिचेच आहे, नाव लावून काय विशेष?" असे पुरुषमंडळी म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. 1956 चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार पती मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची आई, विधवा, मुलगे व मुली यांना सारखे वाटे मिळतात. समजा, आई, पत्नी व तीन मुले मागे राहिली. तर विधवेच्या वाट्याला घराचा केवळ पाचवा हिस्सा येईल. पण निम्म्या हिश्शाला तिचे नाव आधीच लागले असेल, तर ते निम्मे घर तिचेच राहील आणि पतीच्या निम्म्यातही तिला पाचवा हिस्सा मिळेल. हा फरक लहान नव्हे.

"कर्ज फिटू द्या, मग पाहू," ही दुसरी सबब. कर्ज वीस वर्षे चालते. मृत्यू तितका थांबेलच असे नाही. घर गहाण असले तरी मार्ग बंद नाही. प्रथम बँकेची लेखी संमती घ्यावी. तिच्या संमतीवाचून केलेला व्यवहार कर्जाच्या कराराचा भंग ठरू शकतो. त्यानंतर पतीने आपल्या हिश्शाचे बक्षीसपत्र करून ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे. नोंदणीवाचून स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र कायद्याने पूर्ण होत नाही. महाराष्ट्रात राहते घर पत्नीस बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. नोंदणीचा व इतर खर्च निराळा. पुढे गृहनिर्माण संस्थेचा भाग दाखला, मिळकतपत्रिका व घरपट्टी यांवरही तिचे नाव चढवून घ्यावे.

येथे दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. संस्थेच्या दप्तरी पत्नीचे नामनिर्देशन केले म्हणजे ती मालक झाली, असा समज चुकीचा आहे. नामनिर्देशनाने वारसांचे हक्क बुडत नाहीत. तसेच नाव लागले म्हणून गहाणाचा बोजा उतरत नाही. हप्ते थकल्यास तिच्या हिश्शावरही जप्ती येऊ शकते. म्हणून सही करण्यापूर्वी भगिनींनी प्रत्येक कागद वाचून, समजावून घ्यावा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचवून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी अहोरात्र कष्ट घेतले आणि ते बिल रखडले, तेव्हा सप्टेंबर 1951 मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. बिलाची ही परवड त्यामागील एक प्रमुख कारण होती. त्यांची तसबीर आपण घराच्या भिंतीवर लावतो. ज्या भिंतीवर ती लावतो, त्या भिंतीच्या मालकीत आपल्या सहचारिणीचा वाटा आहे की नाही, हे प्रत्येक बांधवाने आज घरी गेल्यावर कागद काढून पाहावे. आणि नसेल, तर येत्या महिन्यातच बँकेकडे संमतीचा अर्ज करावा.