नेट कोण खातंय?

रात्री दहाच्या सुमारास आमच्या विंगमधून एक चक्कर मारून बघा. दर दोन रूम सोडून एकच आरोळी ऐकू येते, "कोण डाउनलोड मारतोय रे?" नेट स्लो झालं की आपल्याला आधी चोर हवा असतो, कारण नंतर.

गेल्या सेमिस्टरला असा एक चोर सापडलाही. आमच्या होस्टेलचा राउटर म्हणजे एक जुना पीसी, दोन लॅन कार्डे आणि त्यावर लिनक्स. त्याची देखभाल करणाऱ्यांत मीही आहे. प्रत्येक आयपीचा महिन्याचा हिशोब काढला, तर तळमजल्यावरच्या एका ज्युनिअरचा आकडा सर्वांत मोठा निघाला. झालं! कनेक्शन बंद, रूम नंबर नोटीस बोर्डावर. पोरगा चार दिवस मेसमध्ये मान खाली घालून जेवत होता. आणि नेट? होते तसेच स्लो!

मग मात्र मला राहवेना. दर पाच मिनिटांनी फायरवॉलचे काउंटर फाइलमध्ये उतरवणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. मोजणी आतल्या कार्डावर ठेवली, कारण नॅटमुळे बाहेरच्या कार्डावर सगळे होस्टेल एकाच आयपीचे दिसते. आठवडाभराने जुन्या नोंदी आणि नव्या शेजारी ठेवून बघितल्या. तो ज्युनिअर प्रोजेक्टचा डेटा पहाटे तीनला उतरवत असे, तेव्हा लाइन रिकामीच असायची. त्याने कोणाच्या ताटातले काही घेतले नव्हते.

दहाला तुंबत होते ते अपलोड. जेवून आल्यावर सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला लागतात आणि वायफायवर फोटोंचा बॅकअप सुरू होतो. आता डाउनलोड चालू असताना आपले मशीन "पोचलं, पोचलं" अशा पावत्या उलट पाठवत असते. अपलोड भरले की या पावत्या रांगेत अडकतात आणि डाउनलोडही रखडते. त्या फोनांच्या यादीत माझाही फोन होता!

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, महिन्याच्या बेरजेवरून कोणाला दोषी धरू नये. 100 एमबीपीएसची लाइन दिवसभर भरून वाहिली तर सुमारे 1080 जीबी डेटा जातो. रिकाम्या वेळी त्यातले 50 जीबी कोणी घेतले, तर बिघडले कुठे? मोजायची ती गर्दीची वेळ.

दुसरे, किती ते मोजा, काय ते नको. एचटीटीपीएसमुळे पानावरचा मजकूर दिसत नसला, तरी कोण कुठल्या साइटवर गेला याचा माग राउटरवर काढता येतो. पण लाइन का तुंबली हे कळायला त्याची गरजच नाही, बाइट पुरेसे आहेत. राउटरचा पासवर्ड हातात असणाऱ्याने (म्हणजे मीसुद्धा!) हा मोह टाळलाच पाहिजे.

तिसरे, आलेख सगळ्यांना दिसू द्या, रूम नंबर न टाकता. व्हीएनस्टॅट तासाचा, दिवसाचा आणि महिन्याचा हिशोब ठेवते. कर्नलचेच काउंटर वाचत असल्याने जुन्या पीसीलाही ते जड जात नाही.

आणि उपाय? अपलोडवर केक नावाची रांग-व्यवस्था लावली. लिनक्स कर्नलमध्ये ती 2018 पासून आहे. लाइनच्या वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा दिली की ती प्रत्येक मशीनला पाळी देते. आता बॅकअपही चालतो आणि व्हायवाच्या आदल्या रात्री लेक्चरचा व्हिडिओही. कोणाचेही कनेक्शन तोडावे लागले नाही.

ज्युनिअरचे नेट दुसऱ्याच दिवशी सुरू केले. पण चूक आमची होती, हे सांगणारी नोटीस काही बोर्डावर लागली नाही. तेव्हा हा लेख म्हणजेच ती नोटीस समजावी. सॉरी, मित्रा!