भुतावर ढकललेला खून

एका झाडाची गोष्ट नेहमी एकाच चालीवर सांगितली जाते. मला राग आहे तो त्या चालीचा.

झाडाचं नाव तालिपाम, शास्त्रीय नाव कोरिफा टॅलिएरा. ताडाच्या गोतातलं, बंगालचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम रॉक्सबर्गनं त्याची नोंद केली. हे झाड कित्येक दशकं नुसतं वाढतं, आयुष्यात एकदाच फुलतं, फळं देतं आणि मरतं. १९७९ साली बीरभूम जिल्ह्यात, शांतिनिकेतनजवळच्या एका गावात, मोकळ्या निसर्गातलं शेवटचं माहीत असलेलं झाड फुलावर आलं. शेंड्यावरचा तो अवाढव्य फुलोरा पाहून गावकरी घाबरले. त्यांना ते भुताचं झाड वाटलं. बी धरायच्या आतच त्यांनी ते तोडलं.

‘बघा, अंधश्रद्धेनं एक प्रजाती संपवली!’ असं म्हणून आपण पुढे स्क्रोल करतो.

मला हे मान्य नाही. भूत फक्त शेवटच्या झाडात दिसलं होतं. त्याआधीची झाडं कुठल्या भुतानं नेली? एखादी प्रजाती एका झाडावर येते, तेव्हा तिचा निकाल बराच आधी लागलेला असतो. शेतं, वस्त्या, सरपण, रस्ते या सगळ्यांत ती मुकाट्यानं जाते. त्यात कुणाला भूत दिसत नाही, म्हणून बातमीही होत नाही. आणि जे झाड आयुष्यात एकदाच फुलतं, ते गावात एकच उरलं, तर त्याचं फुलणं ओळखणार कोण? झाडाच्या आधी त्याची ओळख मेली होती. ती जपायचं काम त्या गावावर कुणी सोपवलं होतं?

आता दुसरं झाड बघा. १९५० साली ढाका विद्यापीठाच्या आवारात एम. सालार खान या वनस्पतिशास्त्रज्ञांना एक वेगळाच ताड दिसला. तो तालिपामच आहे यावर २००१ साली श्यामल कुमार बसू यांनी शिक्कामोर्तब केलं. मध्ये अर्धशतक गेलं. २००८ साली ते झाड फुललं, पुढे फळलं आणि मेलं. त्याच्या बियांपासून शेकडो रोपं झाली. फुलोरा तोच होता, पण इथे त्याला नावानं ओळखणारी माणसं होती.

‘प्रजाती वाचली!’ ही मात्र दुसरी सोयीची गोष्ट. ढाक्याची ती सगळी रोपं एकाच आईची लेकरं. वारसा एक, म्हणून दुबळेपणाही एकच. बागेत कुंपणाआड वाढणं म्हणजे रानात परतणंही नव्हे. ईस्टर बेटावरच्या तोरोमिरोचं काय झालं ते पाहा. तिथलं शेवटचं झाड १९६० साली गेलं. थोर हेयरडाल यांनी त्याआधी नेलेल्या बियांपासून स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या उद्यानात रोपं वाढली. ती बेटावर परत नेऊन लावायचे प्रयत्न मात्र पुन्हा पुन्हा फसले, कारण मेंढ्यांनी चरून उजाड केलेली ती जमीन आता त्याच्या ओळखीची राहिली नव्हती. बी जपणं तुलनेनं सोपं. ते जिथे रुजायचं ती जागा जपणं अवघड.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तालिपामला बंगालच्या दोन्ही बाजूंना राखीव जमीन हवी. कुठल्याही बागेत वेगळ्या वंशाचं झाड असेल, तर त्याच्याशी संकर व्हायला हवा. आणि नोंदवही अशी हवी, की आज रोप लावणारा मेल्यावरही त्याच्या फुलण्याची वाट बघणारं कुणीतरी असेल. हे एका मंत्र्याच्या कारकिर्दीत बसत नाही, म्हणूनच ते कुणाला नको असतं.

आपल्या महाराष्ट्रात २०१९ साली ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. आकडा सगळ्यांना पाठ होता. आपल्याकडे माणसाची जात लगेच विचारतात, झाडाची मात्र कुणी विचारत नाही! कोणती झाडं, कुठली, कुणाच्या जागी, दहा वर्षांनी किती उरली, हे प्रश्न फोटोत मावत नाहीत.

तेव्हा यंदा जुलैत रोपासोबत सेल्फी काढायच्या आधी एक करा. तुमच्या कॉलेजच्या आवारात ज्याचं नाव कुणालाच सांगता येत नाही, असं एखादं झाड शोधा. वनस्पतिशास्त्राच्या बाईंना किंवा सरांना तिथे घेऊन जा. नाव मिळालं की लिहून ठेवा. ढाक्याचं ते झाडही एका विद्यापीठाच्या आवारातच उभं होतं.