खिशातील चाकू आणि पक्कड

रोज जवळ बाळगण्यास एकच चाकू व अनेक अवजारांची एकच घडीची पक्कड घ्यावयाची, तर वाचकहो, चाकू आधी पारखावा. इस्रायलच्या १९७७ च्या दंडविधानानुसार घराबाहेर चाकू बाळगणे गुन्हा होय. योग्य कारण सिद्ध करण्याची जबाबदारी आपलीच. सूट आहे ती ‘ओलार’ला, म्हणजे दहा सेंटिमीटरपर्यंत पात्याच्या, मिटणाऱ्या आणि उघडल्यावर पाते अडकून न बसणाऱ्या चाकूला. दुकानदार अडकणीचे कितीही गुण गावोत, मुलांना तसला घेऊन देऊ नये. पक्कडीतही पाते असते, तेही तपासावे. तारा, स्क्रू तिच्याकडे सोपवावेत. चाकू केवळ फळांसाठी ठेवल्यास मांस-दुधाची अडचण राहत नाही. मलिद्याची केळी-सफरचंदेही त्यानेच चिरावीत. शब्बाथला पक्कड मात्र खणातच.