जात्याचे करायचे काय?

जुन्या वाड्याच्या जागी नवी इमारत उभी राहायची ठरली, की घर रिकामे करण्याची लगबग सुरू होते. तांब्या-पितळेची भांडी मोडीत जातात. लोखंडी खाटा आणि पत्र्याच्या ट्रंका भंगारवाला वजनावर नेतो. सागवानी कपाटाला तर दोन-दोन गिऱ्हाइके येतात. सगळे गेल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, नाहीतर जिन्याखालच्या अंधारात, एक वस्तू मागे राहते. ती म्हणजे जाते. दगड मोडीत कोणी घेत नाही. फुकट देऊ केले तरी नेणारा उलट मजुरी मागतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

आपल्याकडचे जाते बहुधा दख्खनच्या काळ्या पाषाणाचे. या दगडाचा एक घनफूट तुकडा ऐंशी किलोच्या घरात जातो. सव्वा फूट रुंदीची आणि तीन इंच जाडीची एक तळी पंचवीस किलोच्या आसपास भरते. दोन्ही मिळून पन्नास. भरडायचे मोठे जाते असेल तर त्याहून जास्त. शिवाय टाकी लावणारा आता शहरात दारावर येत नाही. त्यामुळे तळ्या गुळगुळीत झालेले जाते ठेवून घेतले तरी दळणाच्या कामाचे राहत नाही.

पण अडचण नुसत्या वजनाची नसते. लग्नघरात हळद दळायला बसताना याच जात्याला हळदकुंकू वाहिलेले असते, हळकुंड-सुपारी बांधलेली असते. अशी वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? मग कोणी रात्रीच्या वेळी ती पिंपळाच्या पारावर ठेवून येतो, कोणी नदीत सोडतो आणि विसर्जन झाले असे मानतो. बरेच जण तर वाडा सोडताना जाते तिथेच ठेवतात. पुढे येणारा बघून घेईल! आपल्याला न उचलणारे ओझे दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची ही रीत आहे. श्रद्धेचे नाव दिल्याने ती चांगली होत नाही.

‘आजीची आठवण आहे, टाकवत नाही,’ असे म्हणणारेही असतात. त्यांची भावना खोटी नाही. पण बहुतेक घरांत असे म्हणणाऱ्याने त्या जात्याचा खुंटा कधी धरलेला नसतो. जिने धरला ती पहाटे तीन-चारला उठून, घर जागे व्हायच्या आत दिवसाचे पीठ पाडत होती. खांदे भरून येत, हाताला घट्टे पडत. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा तिला हायसे वाटले, आणि जाते आपसूक कोपऱ्यात गेले. ते ठेवायचे की काढायचे, याची चर्चा आज मुलगे आणि नातू करतात, कधी परदेशातून फोनवर. घरात ती नव्वदीची बाई बसलेली असते आणि तिला कोणी विचारत नाही. विचारले तर ‘काढा की, कशाला अडगळ!’ असे ती सहज म्हणेल. किंवा म्हणणारही नाही. पण पहिला शब्द तिचा असायला हवा.

आणि तिला विचारायला बसलो, तर विचारण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. जात्यावर नुसते पीठ पडत नव्हते. माहेरची ओढ, भावाची वाट, सासरचा जाच, विठ्ठलाशी केलेली तक्रार, हे सगळे त्या घरघरीबरोबर ओवीतून बाहेर पडत होते. साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ त्या लोकांपुढे आणत आहे. तरीही कोणाच्या आजीची, कोणाच्या मावशीची एखादी ओवी या संग्रहांत नसेलच. ती तिच्याबरोबर जाईल. दगडाला ओवी येत नाही. आज घराघरात मोबाईल आहे. दळायचा खुंटा धरल्यासारखा हात फिरवीत ती चार ओळी म्हणाली, तर तेवढ्या ऐकून ठेवायला किती वेळ लागतो?

त्यानंतर दगडाची नीट व्यवस्था लावावी. गावाकडे डाळी भरडायला आजही जाते लागते, तिथे आधी विचारावे. एखाद्या शाळेला जुन्या वस्तू मुलांना दाखवायच्या असतात. संग्रहालयाकडे जागा बेताची असते, म्हणून नेऊन टाकण्याआधी विचारून घ्यावे. नव्या इमारतीच्या आवारात, झाडाच्या बुंध्याशी, कोणाला ठेच लागणार नाही अशा बेताने तळ्या बसवता येतात. काहीच जमले नाही, तर बांधकामाच्या भरावात गेलेला दगडही वाया जात नाही.

नेताना मात्र वरची तळी खिळ्यावरून उतरवावी आणि दोन्ही वेगवेगळ्या न्याव्यात. प्रौढ पुरुषाने ५५ किलोहून जास्त ओझे उचलू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच केली. महाराष्ट्रात माथाडी, हमाल कामगारांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तरीही घरगुती कामाला बोलावलेल्या एकट्या माणसाच्या पाठीवर आपण सगळे जाते चढवतो आणि अरुंद जिन्यावर वरून ‘सांभाळून रे’ म्हणतो. माणसे दोन बोलवावीत आणि मजुरी आधी ठरवावी. घरातल्या बाईने वर्षानुवर्षे ओढलेले जाते बाहेर काढताना आणखी एकाची कंबर मोडायला नको.

वाडे पडतच राहणार आहेत. ज्या घरात जाते अजून आहे आणि ते ओढणारीही आहे, त्यांनी बिल्डरच्या नोटिशीची वाट पाहू नये. येत्या रविवारी दुपारचे जेवण आटोपल्यावर तिच्याजवळ जरा वेळ बसावे.