वल्हांडणाचे ताट आणि उचलीचा हिशेब

ख्रिस्ती कुटुंबांनी यहुद्यांचा वल्हांडण सण आपल्या घरी पाळावा काय, हा प्रश्न गेल्या काही दशकांत अनेक देशांत चर्चिला गेला आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार येशूचे अखेरचे भोजन वल्हांडणाचेच होते. तेव्हा बेखमीर भाकरी व कडू भाजी मांडून मुलाबाळांना मिसर देशातून झालेल्या सुटकेची कथा सांगावी, असे कोणास वाटल्यास नवल नाही. मात्र यहुदी घरांतील आजचा विधी बव्हंशी इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतर घडत गेला. येशूने हाच विधी आचरला असे समजून त्याची नक्कल करणे इतिहासाला धरून होणार नाही.

शिवाय ज्यांचा हा सण, ते महाराष्ट्राला परके नाहीत. त्याची पोथी, म्हणजे हग्गादा, बेने इस्रायलींसाठी १८४६ साली मुंबईत व १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. सण उसना घ्यायचा तर आधी या शेजाऱ्यांचे ऋण मान्य करावयास हवे.

परंतु खरा प्रश्न विधीचा नसून आशयाचा आहे. निर्गमाची कथा मुळात श्रमाची कथा आहे. फारोने विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले. विटांची संख्या मात्र कमी केली नाही. उत्पादनाचा बोजा मजुरावर आणि नफा मालकाला, हा व्यवहार मराठवाड्याला अपरिचित नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीस निघणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. ती फिटली नाही तर पुढचा हंगामही तिच्यातच गहाण पडतो. नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. दोन माणसांची गणना एका अवजाराने होते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द ठरविली. उचलीचे जोखड मात्र राहिले. ही माणसे गावी परततात, तीही साधारणतः वल्हांडणाच्याच सुमारास.

मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज वेशीबाहेरच्या वस्त्यांतून आले. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसविलेले बेथेल हे त्याचेच स्मारक होय. अशा कुटुंबांना मिसर देश नकाशात शोधण्याची गरज नाही. दास्यातून मुक्त होणाऱ्यास रिकाम्या हाताने पाठवू नये, कारण तुम्हीही मिसर देशात दास होता, असा अनुवाद ग्रंथाचा दंडक आहे. स्मरणाला तेथे आर्थिक कर्तव्य जोडलेले आहे.

घर लहान असेल तर शेजाऱ्याला वाटेकरी करावे, असेही मूळ आज्ञेत सांगितले आहे. श्राद्धाचे अन्न नाथांनी वेशीबाहेरच्यांना वाढल्याची कथा सांगणाऱ्या पैठणला याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. वल्हांडण घरी जरूर पाळावा. पण त्या पंक्तीत परतलेल्या तोडकऱ्याला पान असावे, आणि पान उचलल्यावर त्याच्या उचलीचा लेखी हिशेब मागण्यास चार शिकलेल्यांनी त्याच्यासोबत मुकादमाकडे जावे. एरवी कडू भाजी केवळ जिभेलाच कडू लागेल.