‘इच्छुक नाही’ लिहिण्यापूर्वी

आठ मार्चला कार्यालयांत काय होते, ते आता सगळ्यांना पाठ आहे. सकाळी दारातच गुलाब, अकराच्या सुमारास सभागृहात एखाद्या कर्तृत्ववान पाहुणीचे भाषण, साहेबांचे ‘स्त्री ही आदिशक्ती’ छापाचे चार शब्द, सामोसा-चहा आणि एकाच रंगाच्या साड्यांतला फोटो. यात वाईट काही नाही. पण नोकरदार स्त्रीचे भवितव्य त्या दिवशी ठरत नाही. ते ठरते बढत्यांचा हंगाम सुरू झाल्यावर, टेबलावर येणाऱ्या एका साध्या परिपत्रकाने. सोबतच्या अर्जात शेवटी दोन पर्याय असतात : इच्छुक, इच्छुक नाही. वीस वर्षे चोख काम केलेली, शाखेतले प्रत्येक थकीत खाते तोंडपाठ असलेली बाई दुसऱ्या पर्यायावर खूण करते. का, असे विचारले तर उत्तर तयार असते : ‘बदली होईल हो. मुलगी यंदा दहावीला आहे.’ तिच्याच शेजारच्या टेबलावरचा सहकारी ‘इच्छुक’वर खूण करतो आणि तीन महिन्यांत भुवनेश्वरला रुजूही होतो. दहावीतली मुलगी त्यालाही असते. पण तिच्याकडे बघायला घरी कोणीतरी असते.

स्त्रियांच्या नेतृत्वाची चर्चा आपल्याकडे हमखास आत्मविश्वासावर येऊन थांबते. ठामपणे बोला, बैठकीत पुढे बसा, स्वतःवर विश्वास ठेवा, असे सल्ले उदंड आहेत. पण केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. एवढे घरकाम उरकून जी बाई सकाळची लोकल पकडते, तिच्यात आत्मविश्वास कमी आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तिला कमी पडतो तो अनुभव, आणि तोही विशिष्ट जातीचा. संस्थेच्या शिखरावर माणूस थेट बसत नाही. शाखा चालवलेली, बुडीत कर्जाशी झुंजलेली, परक्या गावात माणसे सांभाळलेली मंडळी वर जातात. चाळिशीच्या आतबाहेर येणारी ती एक बढती हुकली, की पुढच्या साऱ्या याद्यांतून नाव आपोआप गळते. गळती मधल्या पायरीवर होते आणि आपण शोधत बसतो शिखरावर बाई का दिसत नाही ते.

या मधल्या पायरीवरच्या तीन घटना आठवण्यासारख्या आहेत. पहिली सी. बी. मुथम्मा यांची. १९४९ मध्ये त्या परराष्ट्र सेवेत रुजू झाल्या, त्या सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी म्हणून. तेव्हाच्या नियमानुसार स्त्री अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे आणि लग्नानंतर राजीनामाही मागता येई. तीस वर्षे सेवा करूनही वरच्या श्रेणीसाठी डावलले गेले, तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. याचिका प्रलंबित असतानाच सरकारने त्यांना बढती देऊन टाकली. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालात त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. ‘सेवाशर्तीच तशा आहेत’ हे वाक्य अंतिम नसते, हे मुथम्मांनी दाखवून दिले.

दुसरी घटना लष्करातली. स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन द्यावे, पण नेमावे फक्त कार्यालयीन पदांवर, तुकडीचे नेतृत्व देऊ नये, अशी सरकारची भूमिका होती. ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असेही न्यायालयात सांगण्यात आले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया प्रकरणात हा युक्तिवाद साफ फेटाळला. लष्करात तुकडी सांभाळल्याशिवाय वरचे हुद्दे मिळत नाहीत, हे स्त्री अधिकारी नेमके ओळखून होत्या. त्यांची लढाई मानाची नव्हती, त्या अनुभवाची होती.

नागरी कार्यालयांत हीच विभागणी कोणताही नियम न लिहिता होते. स्त्रीला प्रशिक्षण, मनुष्यबळ, ग्राहकसेवा, राजभाषा कक्ष. पुरुषाला कर्ज, वसुली, कोषागार, फिल्ड. वर साहेब आपुलकीने म्हणतात, ‘मॅडम, तुम्हाला सोयीचं व्हावं म्हणून हेड ऑफिसला घेतलंय.’ सोय खरीच असते. पाच वाजून चाळीसला निघता येते. पण पाच कोटींच्या प्रस्तावावर सही करण्याचा, चुकले तर जाब देण्याचा सराव त्या खुर्चीत होत नाही. मग बढतीच्या मुलाखतीत समिती विचारते : ‘मोठी शाखा सांभाळलीत का?’

तिसरी घटना अरुंधती भट्टाचार्य यांची. १९७७ मध्ये त्या परिविक्षाधीन अधिकारी म्हणून स्टेट बँकेत लागल्या. परकीय चलन विभाग, न्यूयॉर्क कार्यालय, एसबीआय कॅपिटल मार्केट्स असा त्यांचा प्रवास निर्णयाच्या खुर्च्यांमधून झाला. मुलीच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला तेव्हा राजीनाम्याचा विचार त्यांच्याही मनात आला होता. तो त्यांनी बाजूला ठेवला. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या बँकेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. त्यांच्या काळात मुलांच्या वा वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी स्त्री कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन परतण्याची सोय झाली. जिथे त्या स्वतः अडखळल्या होत्या, तिथेच त्यांनी मागच्यांसाठी वाट रुंद केली. तरीही २०१७ मध्ये त्या निवृत्त झाल्यावर त्या खुर्चीवर आलेले तिघेही पुरुष. महाराष्ट्रातही राज्यस्थापनेनंतर पहिली स्त्री मुख्य सचिव मिळायला ३० जून २०२४ उजाडावा लागला. एकटीच्या पोहोचण्याने रांग तयार होत नाही.

म्हणून या महिला दिनी भाषणाऐवजी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली : ‘इच्छुक नाही’ लिहिण्यापूर्वी माहिती काढा. बदली नक्की कुठे होऊ शकते, किती वर्षांसाठी, विनंतीअर्ज कोणाकडे करायचा, आधी कोणाची विनंती मान्य झाली? केंद्राच्या सेवेत पती-पत्नीला शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे असे धोरण १९८६ पासून आहे; अनेकींना ते नकार कळवून झाल्यावर समजते. सगळे तपासूनही नको वाटले, तर तो निर्णय तुमचा आणि तो योग्यच. पण घाबरून दिलेला नकार आणि विचार करून दिलेला नकार यांत फरक आहे.

दुसरी : पहिल्या दहा वर्षांतच एखादे जोखमीचे काम मागून घ्या. वसुली मागा, कर्ज विभाग मागा, तोट्यातली शाखा मागा. घरची जबाबदारी तुलनेने हलकी असताना मिळवलेला हा अनुभव, पुढे वेग कमी करावा लागला तरी कोणी काढून घेत नाही.

तिसरी : स्वमूल्यांकनाच्या रकान्यात ‘आमच्या टीमने उद्दिष्ट पूर्ण केले’ एवढेच लिहून थांबू नका. किती थकीत खाती नियमित केली, किती ठेवी आणल्या, कोणती तक्रार कशी मिटवली, हे आकड्यांत लिहा. त्याला बढाई म्हणत नाहीत, नोंद म्हणतात. निवड समितीसमोर माणसाआधी कागद जातो. आणि चौथी : साडेसहानंतर टपरीवरच्या चहात जे ठरते, ते सकाळच्या बैठकीत कार्यवृत्तात यावे असा आग्रह धरा. तुम्ही टपरीवर थांबण्यापेक्षा निर्णय टेबलावर येणे सगळ्यांच्याच हिताचे.

मात्र सगळा भार तिच्याच शहाणपणावर टाकणे हा पळपुटेपणा होईल. २०२३ च्या नोबेल मानकरी अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवले आहे, की आज स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतली मोठी दरी पहिल्या अपत्यानंतर रुंदावते. जी नोकरी अवेळीही माणूस हजर मागते, तीच जास्त पैसा आणि अधिकार देते. घरातल्या दोघांपैकी एकाला मग अशी नोकरी सोडावी लागते. तो ‘एक’ कोण, हे आपल्याकडे लग्नाच्या बोलणीतच ठरून गेलेले असते. कायद्याने काही दारे उघडली : २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांत किमान एक स्त्री संचालक आणली, २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची केली, पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. पण पत्नीची बढती झाली म्हणून स्वतःची बदली मागणारा नवरा कुठल्या कायद्याने तयार होणार? सुनेच्या बदलीचे पेढे वाटणारी सासू कोणत्या परिपत्रकाने मिळणार? हे काम घरांनी करायचे आहे, आणि ते मुलीच्या दहावीच्या वर्षी नव्हे, बरेच आधी सुरू करायचे आहे.

संस्थांना मात्र उद्यापासून एक गोष्ट करता येईल. बढतीपात्र स्त्रिया किती होत्या, ‘इच्छुक’ किती, निवड किती जणींची, नकार कितींचा आणि कोणत्या कारणाने, हे पाच आकडे दर आठ मार्चला सूचनाफलकावर लावावेत. शेजारी पुरुषांचेही लावावेत. एका पानाचा खर्च आहे. सलग तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी लागले, की कार्यालयातल्या कोणालाही कळेल, बायका मागे राहतात की ठेवल्या जातात. गुलाब त्यानंतर खुशाल द्यावेत.